पांगाऱ्यावरची भोकरी

लोणी भापकर
१२ सप्टेंबर २०२१

बादशाहचाचा,

नमस्कार म्हणू की सलाम, कळेना, दोन्ही करते. मी संजीवनी, कुंडलिकची थोरली. बारामतीच्या मंडईत आबांच्या मेथीच्या जुड्यांमागं बसलेली असायची, ती. तुमची पानांची डाली आमच्या पोत्याला लागूनच असायची. मी पान मागितलं की तुम्ही म्हणायचात, "दात लाल झाले तर नवरा मिळायचा न्हाय," आणि हातावर बडीशेप ठेवायचात. नवरा तसाही मिळाला नाही, चाचा. पान खाल्लं असतं तर निदान तोंड तरी रंगलं असतं.

फोनच करणार होते. पण आबा म्हणाले, बादशाहला फोनवर काही ऐकू येत नाही, तो नुसता "बरं, बरं" म्हणतो आणि ठेवून देतो. माझं काम "बरं, बरं"नं भागणारं नाही, म्हणून पत्र.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी नाशिककडं वाइनच्या कारखान्यांत बरीच वर्षं नोकरी केली. तिथली द्राक्षं सगळी परदेशी जातींची. वाइन चांगली व्हायची, पण ती कुठलीही वाटायची. ज्या मातीतून आली तिचं काही तिच्यात उरायचं नाही. ते मनाला लागून राहिलं. शेवटी नोकरी सोडून घरी आले. आमच्या माळावरच्या मुरमाड दोन एकरांत लहानशी वाइनरी काढतेय. परवाना मिळाला, शेडही उभी राहिली. आता हवंय ते आपल्याकडचं द्राक्ष.

पूर्वी आपल्या भागात पांगाऱ्याच्या झाडावर चढवलेले भोकरी द्राक्षाचे वेल असायचे, असं म्हातारी माणसं सांगतात. मी लोणीत विचारलं, काटेवाडीपर्यंत जाऊन आले. लोखंडी अँगल आणि तारा आल्या तसे सगळ्यांनी ते काढून टाकले. मग एक दिवस जेवता जेवता आबा म्हणाले, "बादशाहच्या पानमळ्यात हाय एक. विहिरीमागं." एवढंच बोलले आणि भाकरी कुस्करायला लागले.

ऑक्टोबरच्या छाटणीला त्या वेलाच्या थोड्या काड्या मला द्याल का? लागणीसाठी हव्यात. मी त्या फळाची वाइन करणार आहे, हे आधीच सांगते.

तुमची,
संजीवनी


निमगाव केतकी
२० सप्टेंबर २०२१

चि. संजीवनी,

बडीशेप तुझ्या ध्यानात हाय हे वाचून जीव गार झाला. मी चौथी शिकलोय, बोलतो तसंच लिहितो. चुका काढत बसू नको.

वेल हाय. माझ्या आज्यानं लावलेला. पानमळा माझा आणि वेल सायराबानूचा, अशी आमा नवराबायकोची वाटणी हुती. ती गेल्यापासनं मीच बघतो. त्याचं फळ आमी आजवर कुणाला विकलं न्हाय. पहिली पाटी पीरसाहेबाच्या उरुसाला. उरुसाला सगळं गाव येतं, आलेल्याच्या हातावर दोन-चार मणी पडतात, मग तो कुणाचा का असंना. ऱ्हायलेल्या फळाचे मनुके करून सायराबानू बाळंतिणींच्या घरी धाडायची. तू जन्मलीस तवा मनुक्याची पिशवी घिऊन लोणीला मीच आलतो. सिंधूवहिनीला, तुझ्या आईला, इचार.

आता तू म्हणशील, एवढं गोडीचं हाय तर दे की काड्या. न्हाय देणार, पोरी. आमच्यात दारू हराम. नुसतं पिणारा न्हाय, ज्याच्या द्राक्षाची झाली तो बी त्यात आला, असं मी लहानपणापासनं ऐकत आलोय. वाइन येगळी आणि दारू येगळी असं तू सांगशील. मला फरक कळत न्हाय आणि कळून बी घ्यायचा न्हाय.

आणखी एक लिहितो, झोंबलं तर झोंबू दे. दीपकला, तुझ्या चुलत्याला, हातभट्टीनं नेलं. त्याच्या तिरडीला एक खांदा कुंडलिकचा, एक माझा हुता. त्या घरातनं असलं पत्र यावं? कुंडलिकला हे पटलं तरी कसं?

फळ आलं की ये. पोटभर खा, पदरात बांधून ने. पण काडी मागू नको.

तुझा,
बादशाहचाचा


लोणी भापकर
३० ऑक्टोबर २०२१

बादशाहचाचा,

तुमचं पत्र आल्यावर गप्प बसायचं ठरवलं होतं. राहवलं नाही, परवा न कळवता निमगावला आले. सूनबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, अब्बा मळ्यातच असतील. मी चप्पल बांधावर काढून आत शिरले. आबांनी निघताना बजावलं होतं, पानमळ्यात पायताण चालत नाही. वेल पाहिला. छाटणी नुकतीच झालेली होती. तुम्ही दिसला नाहीत. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

आबांना हे पटलेलं नाही. ते माझ्या शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत. रोज सकाळी तिच्यासमोरून जातात, मान दुसरीकडं करून. काकांची आठवण त्यांना तुमच्याइतकीच आहे, आणि मलाही आहे. काका जे प्यायले ते कशाचं होतं, कुणी केलं होतं, हे कुणाला कधी कळलं नाही. मी करीन त्यावर फळाचं नाव असेल, गावाचं असेल आणि करणारीचंही असेल. घोटभर घेऊन माणूस जेवायला बसेल, अशी ती व्हावी. एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, हे मला कळतं. माझ्या घरातच होत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बाजारची द्राक्षं आणून पहिली वाइन केली होती. वाईट नाही. पण कुठलीही वाटते.

काडी पुन्हा मागत नाही. फळ खायला नक्की येईन.

संजीवनी


निमगाव केतकी
३ ऑगस्ट २०२२

चि. संजीवनी,

फळाला आली न्हाईस. मी वाट बघितली. कुंडलिक म्हणाला, पोरगी लाजती.

हितं रस्ता रुंद व्हतोय. संक्रांतीला मोजणी झाली, खुणेचे दगड विहिरीच्या पल्याड पडले. विहीर जाणार, पांगारा जाणार, त्याच्यावरचा वेल जाणार. मागचा पानमळा ऱ्हाईल थोडा. शहबाज म्हणतो, "अब्बा, रस्ता काय आपल्या एकट्यासाठी अडतोय व्हय?" पोरगं खोटं बोलत न्हाय. पण त्याला ते झाड दिसतंय आणि मला त्याची आई दिसती.

उन्हाळ्याच्या छाटणीला मी काड्या खालच्या रानात लावल्या. ती जमीन कॅनॉलच्या पाण्यानं खारावलेली, फूट आली आणि वाळली. काटेवाडीच्या रामहरीला दिल्या. पाऊस लागताच त्यानं उपटून टाकल्या. म्हणाला, "चाचा, बी हाय, साल जाड हाय, दोन दिवसांत मणी नरम पडतोय. बाजारात ह्याला कुत्रं इचारत न्हाय." आणखी चार बागायतदारांची दारं झिजवली. कुणाला नको. फुकट देतोय तरी नको. माझीच मला लाज वाटाय लागली.

आता तुला सांगतो. तू छाटणीच्या टायमाला आलतीस तवा मी विहिरीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलो हुतो. चुलीत घालायच्या काड्यांचा भारा बांधाला पडलेला. तू त्यातल्या काड्या उचलल्यास, ओढणीत गुंडाळल्यास, चार पावलं गेलीस. मी म्हटलं, गेली. मग मागं फिरलीस आणि हुत्या तशा भाऱ्यात ठेवून दिल्यास. पत्रात त्यातलं अक्षर लिहिलं न्हाईस. मी बी काय बोललो न्हाय.

म्हून हे पत्र. काड्या देतो. वेल वाढव, फळ खा, लोकांना खाऊ घाल. पण त्याची दारू करणार न्हाय असा शब्द दे. दुसऱ्या कुणाकडनं स्टॅम्पावर लिहून घेतलं असतं. तुझा नुसता शब्द चालंल.

बादशाहचाचा


लोणी भापकर
११ ऑगस्ट २०२२

बादशाहचाचा,

त्या दिवशी तुम्ही पाहिलंत, हे वाचून कानशिलं तापली. चुलीतच जाणार आहेत, असं मनाला समजावत चार पावलं गेले खरी. पण तुमच्याशी चोरी करून लावलेल्या वेलाखाली मला उभं राहता आलं नसतं.

हो म्हणणं आज किती सोपं आहे. एक ओळ लिहायची, काड्या घ्यायच्या. तुम्ही काही माझ्या शेडमध्ये डोकवायला येणार नाही. पण चाचा, मी शब्द देऊ शकत नाही. मला तो पाळता येणार नाही.

रामहरीनं वेल उपटला, तो काही दुष्ट माणूस नाही. आमच्या माळावर पाणी कसं मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचा काही उपयोग नाही, त्या वेलाला कोण किती वर्षं पाणी घालील? मी आहे तोवर घालीन, तुमच्यासाठी घालीन. माझ्यामागं? जाड साल, बी, तो आंबटपणा, बाजाराला जे जे नको ते सगळं वाइनला हवं आहे. तो जगला तर त्यानंच जगेल. हे मी तुम्हाला पटवायला लिहीत नाही. जे आहे ते लिहिते.

एक मात्र देऊ शकते. वेल आहे तोवर दरवर्षी पहिली पाटी उरुसाला येईल, आणि एक ओळ मनुक्यांसाठी राहील. पाटी निमगावला पोचेपर्यंत बाकीच्या फळाला मी हात लावणार नाही. त्यानंतर मात्र वाइन करीन, आणि तुम्हाला हे माहीत असताना करीन.

तुम्ही नाही म्हणालात तर मला रडू येईल. राग येणार नाही.

संजीवनी


निमगाव केतकी
९ ऑक्टोबर २०२२

चि. संजीवनी,

कुंडलिकबरोबर डाली धाडलीय. पानं बांधतो तशा काड्या केळीच्या पाल्यात बांधल्यात, वरनं ओलं गोणपाट टाकलंय. यष्टीत उन्हाला ठेवू नको असं त्याला दहादा बजावलंय.

तुझं पत्र आल्यावर मला फार राग आला. म्हटलं, म्हातारा तोंड येंगाडतोय आणि ही शाणी तत्त्व सांगती. खोटं का हुईना, हो म्हणायला काय जात हुतं? मग डोकं थंड झालं. तू खोटं हो म्हणाली असतीस तर मी खुशाल काड्या दिल्या असत्या आणि सुखानं मेलो असतो. ते सुख मला तू दिलं न्हाईस.

इकडं आड तिकडं विहीर झालंय माझं, आणि विहीर बी बुजणार. मशिदीतल्या हाफिजसाहेबांना काय इचारलं न्हाय. ज्याचं उत्तर ठाऊक हाय तो प्रश्न इचारून त्या भल्या माणसाला कशाला अडचणीत घालू? मी माझ्यापुरता एवढा इचार केला. वेल मी पैदा केलेला न्हाय, अल्लानं केलाय. मी राखणदार. राखणदारानं माल डोळ्यादेखत मरू द्यावा का? माझं चुकत असंल तर तितं वर जबाब मला द्यायचाय. तू त्याची काळजी करू नको.

पहिल्या पाटीचं तू लिहिलंस, ते मी धरून चालतो. बाटलीवर माझं नाव नको, गावाचं लाव. वेलाखाली कुणी पायताण घालून फिरायचं न्हाय. आणि दारूचं मला कधी काय लिहायचं न्हाय. फुटीचं लिही, रोगाचं लिही, पाण्याचं लिही. बाकीचं तुझ्यापाशी झाकून ठेव. मला ते कळाय नको.

डाली घेताना कुंडलिक म्हणाला, "मी तिच्या शेडमधी जात न्हाय." मी म्हणालो, "मी बी जाणार न्हाय. डाली दाराशी ठेव." मग आमी दोघांनी पान खाल्लं.

बादशाहचाचा


लोणी भापकर
१८ जानेवारी २०२३

बादशाहचाचा,

काड्या फुटल्या. पिशव्यांत लावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त. पानं अगदी बारीक आहेत, पण हिरवीगार. मी तारा ओढल्या नाहीत. आबांनी तुमच्या बांधावरून आणलेले पांगाऱ्याचे दांडे पुरलेत, रोपं त्यांच्यावरच चढवीन. माझ्याबरोबर शिकलेला एक जण पाहून हसला, म्हणाला, "फवारणी कशी करणार?" म्हटलं, शिडी लावून करीन.

पाणी घालण्याचं काम मी न सांगता आबांनी स्वतःकडं घेतलंय. शेडकडं पाठ करून घालतात. चप्पल बांधावर.

त्यांच्याकडून कळलं की तुमच्याकडं पाडापाडी झाली. तुम्ही कसे आहात?

संजीवनी


निमगाव केतकी
५ फेब्रुवारी २०२३

चि. संजीवनी,

शहबाज मला त्या दिवशी मुद्दाम इंदापूरला पावण्यांकडं घिऊन गेला हुता, मी बघू नये म्हून. मी पोटात दुखतंय असं सांगून अर्ध्यातनं माघारी आलो आणि रस्त्याच्या पल्याड उभा ऱ्हायलो. मशीनला काय वेळ लागतोय. वेलावर मणी धरले हुते, ज्वारीच्या दाण्याएवढे. पांगारा पडला तवा सगळा वेल त्याच्यासंगट गेला, सुटला न्हाय.

सायराबानू गेली तवा घर माणसांनी भरलं हुतं. लोणीपासनं माणसं आलती. वेलासाठी कोण येतंय? तुझं पत्र आलं. बरं वाटलं मला. काड्या फुटल्या हे मी तिच्या कबरीवर जाऊन सांगून आलो.

पांगारा लावलास हे ब्येस केलंस. हसणाऱ्याला हसू दे.

बादशाहचाचा


लोणी भापकर
२२ मार्च २०२५

बादशाहचाचा,

मधल्या पत्रांत तुम्हाला पानं, कीड आणि टँकर सोडून काही लिहिलं नाही. आज फळाचं लिहिते. यंदा पहिल्यांदा नीट धरलं. घड लांब आहेत, मणी पिवळसर हिरवे, उन्हाकडचे थोडे तांबूस. पूर्वी मी वेल पाहिला तो छाटलेला, फळ कधी पाहिलंच नव्हतं. आबांना विचारलं, "हेच ना?" त्यांनी मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि खालीच बसले. मी घाबरले. मग म्हणाले, "व्हय. हेच."

पहिली पाटी आबांच्या हाती पाठवतेय. काल आईनं आणि मी मिळून तोडली, अनवाणी. ती तुमच्या हातात पडल्याचा निरोप येईपर्यंत बाकीचे घड वेलावरच राहतील.

मनुके करायला आईला शिकवायचं तर सायराचाचींची रीत लिहून पाठवा.

संजीवनी


निमगाव केतकी
१४ एप्रिल २०२५

चि. संजीवनी,

पाटी पोचली. उरूस झाला. मी सकाळपासनं दर्ग्याच्या पायरीला पाटी घिऊन बसलो हुतो. दोन सालं मोकळ्या हातानं गेलो हुतो, लोक काय बोलले न्हायत, पण बघायचे. यंदा सगळ्यांच्या हातावर मणी पडले. देवळाजवळची कौसल्याबाई आली. तिला आता दिसत न्हाय, सून हाताला धरून आणती. मणी तोंडात घातला आणि म्हणाली, "अगं बया, सायराची द्राक्षं! वेल तोडला म्हणत हुतात न्हवं?"

मला रडू आलं. लपवत न्हाय. एवढ्या माणसांत रडलो.

मी बी खाल्ली. थोडी येगळी लागली, आमच्यापरीस आंबट. तुझ्या माळाची हायत ती, त्याला कोण काय करणार? पण तीच हायत.

मनुक्याची रीत: घड सावलीत टांगायचे, उन्हात न्हाय. पाटीवर घातलेला पांढरा कपडा धुवून माघारी धाडतोय.

बाकीच्या फळाचं तू काय केलंस ते लिहू नको. माझी अट ध्यानात हाय न्हवं?

बादशाहचाचा


लोणी भापकर
२८ सप्टेंबर २०२५

बादशाहचाचा,

पाऊस यंदा जास्त झाला. पानांवर केवडा रोग आला होता, वेळेवर आटोक्यात आणला. पांगारे आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत. आईचे मनुके नीट झाले. गावात एक बाळंतीण होती, तिच्याकडं दिले. छाटणी दसऱ्यानंतर करीन.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

संजीवनी


निमगाव केतकी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. संजीवनी,

"बाकी लिहिण्यासारखं काही नाही." फळ आलं तरी हीच एक ओळ. मीच सांगितलं, तू पाळलंस, तुझं काय चुकलं न्हाय. पण मी तितंच अडकून बसतो. पत्र घडी करून ठेवतो आणि मनात येतं, काय झालं असंल?

माझं वय झालं. पायाला सूज हाय, बाजारात टेकून बसतो. आज्यानं लावलेला वेल, बायकोनं लेकरासारखा सांभाळलेला, तो शेवटी कशाच्या कामी आला ते मला कळू नये व्हय? मी पिणार न्हाय. बाटली बघणार बी न्हाय. एवढंच इचारतो. झाली ती चांगली झाली का?

उत्तर कागदावर नको. पत्रं शहबाज बी वाचतो, सून बी वाचती. येत्या बाजाराला कुंडलिक कांद्याचं रोप घिऊन हिकडं येणार हाय. त्याच्यापाशी तोंडी सांग. तो माझ्या कानात सांगंल. तुझ्या-माझ्यातलं तिघांतच ऱ्हाईल.

बादशाहचाचा


लोणी भापकर
२१ नोव्हेंबर २०२५

बादशाहचाचा,

तुम्ही म्हणालात तसं त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. आबांचं तेवढं लिहिते.

तुमचा निरोप सांगितला तर ते चिडले. "न बघता मी त्याला काय सांगू? तू म्हणशील चांगली, उद्या खोटं निघालं तर बादशाहला तोंड कसं दाखवू?" असं म्हणत उठले आणि सरळ शेडकडं गेले. चाचा, शेड बांधल्यापासून पहिल्यांदा. दारात थांबले. चप्पल काढली. मी म्हटलं, इथं काढायची गरज नाही. म्हणाले, "त्याच वेलाचं हाय न्हवं आत?"

प्यायले नाहीत. मी पेला पुढं केला तेव्हा हात मागं बांधले, नुसते वाकून त्यावर नाक धरून उभे राहिले. मग दीपककाकांचं नाव घेतलं, अगदी हळू. "त्याच्या तोंडाला असला वास कधी आला न्हाय," म्हणाले. आणि मला विचारलं, तुझा निरोप काय तो सांग. मी सांगितला. त्यांनी तो माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवला.

उद्या सकाळच्या एसटीनं येताहेत.

संजीवनी


निमगाव केतकी
२५ नोव्हेंबर २०२५

चि. संजीवनी,

कुंडलिक आला. काय झालं ते ऐक, आणि हसू आलं तर हस.

मी बाजारात पानं लावून बसलेलो. तो रोपाचं गठुळं टाकून माझ्याजवळ उकिडवा बसला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळू बोलला. मला काय ऐकू आलं न्हाय. मी म्हणालो, "बरं, बरं." त्याला कळलं, ह्याला कळलं न्हाय. जरा जोरात बोलला. मी पुन्हा म्हणालो, "बरं, बरं." तोंडी सांग असं मी तुला लिहिलं तवा माझे कान गेलेत हे माझ्याच ध्यानात न्हवतं बघ. तुझ्या बापाला गप ऱ्हायला जमतंय का? त्यानं दोन्ही हात माझ्या कानाला लावले आणि मेंढरं हाकल्यासारखा वरडला:

"बादशाह! पोरगी म्हणती, दारू चांगली झालीया! कुठलीही वाटत न्हाय म्हणती! निमगावचीच वाटती! आणि मी वास घेतलाय! पाणी दिल्यावर तुझ्या पानमळ्यात येतो, तसा हाय!"

भाजीवाल्या माना वर करून बघाय लागल्या. शहबाज पलीकडं तराजू धरून उभा, त्याच्या हातातनं वजन पडलं. आणि माझ्यापासनं दोन हातांवर हाफिजसाहेब लिंबं निवडत हुते. मी म्हटलं, संपलं.

हाफिजसाहेबांनी लिंबं निवडली. पैसे दिले. जाताना माझ्यापाशी थांबले आणि खांद्यावर हात ठेवला. बरं का वाईट, मला कळलं न्हाय. इचारलं बी न्हाय.

कुंडलिकला आपण काय केलं ते मागनं कळलं. त्यानं टोपी तोंडावर ओढली. मी त्याला पान लावून दिलं. मग आमी दोघं चालत, मी त्याच्या खांद्याला धरून, विहीर हुती तितवर गेलो. तितं आता डांबर हाय. गाड्या जातात. कुंडलिक म्हणाला, "हितंच हुता न्हवं?" मी म्हणालो, "व्हय, हितंच." डांबराच्या कडंला का हुईना, दोघांनी बी पायताण काढलं हुतं.

पानमळ्यासारखा वास, म्हणाला तो. सायराबानूच्या पदराला तोच वास असायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय, तुला सांगतो.

पोरी, आता जे सगळ्या बाजारानं ऐकलं ते मी एकट्यानं कशाला झाकून ठेवू? पुढच्या पत्रात नीट लिही. रंग कसा हाय, जिभेवर काय लागतं, कुणी घेतली, घेऊन काय म्हणाला, सगळं लिही. मी घेतली न्हाय आणि घेणार न्हाय. पण ऐकायला काय हरकत हाय. आणि मला ऐकू येत न्हाय, तवा लिही.

तुझा,
बादशाहचाचा